शॉर्ट व्हीलबेस फोर बाय फोर आपल्याकडे मिळतच नाही का? (मंगळवेढ्याचं काळं रान, तीन किलोमीटर पाणंद)

माणकाठ_१३

नमस्कार मंडळी. राहायला जुळे सोलापूर, जमीन मंगळवेढा तालुक्यात. डांबरी सुटली की साधारण तीन किलोमीटर पाणंद आहे आणि सगळं काळं रान. मधे एक ओढा लागतो, कालव्याचा एक भराव चढून उतरावा लागतो आणि शेवटच्या टप्प्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रेलरनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. उन्हाळ्यात तिथं कोणतीही गाडी जाते. प्रश्न जून ते ऑक्टोबरचा आहे, आणि पुढं ऊसतोड चालू असली की पुन्हा तीच रड.

छोट्या अंगाची, आखूड व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी), लो रेंज (चिखला-चढाला हळू पण जादा ताकदीचा गिअर) असलेली फोर बाय फोर हवी आहे. बघायला गेलं तर यादी दोन-तीन नावांतच संपते. तीन दारांची जिम्नी गुडगावला बनते, जहाजात बसून परदेशी जाते आणि आपल्याला पाच दारांचीच घ्या म्हणतात. रँग्लर रांजणगावला जोडतात, तीही फक्त चार दारांची. असं का? बाहेरून मागवण्याचा काही रस्ता आहे का? जुनी जिप्सी घेण्यात शहाणपण आहे का? आणि मुळात व्हीलबेसचा एवढा फरक पडतो का, की हा नुसता गाडीवेड्यांचा हट्ट आहे? घरात दोन वयस्कर माणसं आहेत, महिन्यातून एक-दोनदा त्यांनाही शेताकडं न्यावं लागतं.

पाटे_आणि_बुश

आधी "का मिळत नाही" ते सांगतो, कारण त्यातच पुढची अर्धी उत्तरं आहेत.

आपल्याकडे करात सूट मिळते ती लांबी आणि इंजिन या दोन्हींवर. व्हीलबेस कुणी विचारत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४००० मिमीच्या आत लांबी आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के जीएसटी, नाहीतर ४० टक्के. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. तीन दारांची थार ३९८५ मिमी, जिम्नी ३९८५, तीन दारांची गुरखा ३९६५. लांबीत तिन्ही बसतात, इंजिनात अडकतात. थारचं १.५ लिटर डिझेल १८ टक्क्यांत बसतं, पण ते फक्त मागच्या चाकांवर चालणारं आहे. फोर बाय फोर म्हटलं की २.० पेट्रोल किंवा २.२ डिझेल, म्हणजे थेट ४० टक्के. जिम्नीचं १४६२ सीसी पेट्रोलही ४० मध्येच. थोडक्यात, आखूड गाडीला आखूड असल्याचं बक्षीस काहीच नाही. त्याच पैशात लोकांना पाच दारं आणि डिकी दिसते, मग तीन दारांकडं कोण बघतो?

दुसरं कारण सुरक्षेचे आणि धुराचे नियम. जिप्सी आपल्याकडे १९८५ ला आली, १९९६ ला १.३ लिटरची किंग झाली आणि २०१८-१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकाला मिळायची बंद झाली. एप्रिल २०१९ पासून एबीएस, जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, ऑक्टोबरपासून समोरून आणि बाजूने धडकेची चाचणी, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६. तो जुना सांगाडा या सगळ्यातून पार करायचा म्हणजे गाडी नव्यानं बनवणंच झालं. महिन्याला मोजक्या विकल्या जाणाऱ्या गाडीवर तेवढा खर्च कुठलीच कंपनी करत नाही. जुनी २.५ लिटरची थारही त्याच सुमारास थांबली आणि २ ऑक्टोबर २०२० ला नवी आली.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा मिळून सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला ९५ ग्रॅमच्या आसपास ठेवायची अट आली आणि जिम्नी एकटीच दीडशेच्या पुढं. विकली की दंड. म्हणून तिथं चार सीटची जिम्नी काढून घेतली आणि काही देशांत मागची सीट नसलेली मालवाहू म्हणून परत आणली. पजेरो, प्राडो यांच्या तीन दारांच्या आवृत्त्याही गेल्या. उलट जपानला आपली पाच दारांची जिम्नी 'नोमेड' नावानं जानेवारी २०२५ च्या अखेरीस गेली, चार दिवसांत पन्नास हजार मागण्या आल्या आणि नोंदणीच थांबवावी लागली. म्हणजे मागणी आहे, पण ती जिथं आहे तिथं गाडी नाही आणि गाडी आहे तिथं मागणी दुसरीच.

गुडगावची तीन दारांची जिम्नी २०२१ पासून निर्यात होते. ती इथं का नोंदवता येत नाही, याचं उत्तर कागदात आहे. आपल्या नियमांनुसार टाइप अप्रूव्हल (मॉडेलची सरकारी मंजुरी) झालेल्या मॉडेललाच फॉर्म २२ (गाडी रस्त्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला) मिळतो, आणि त्याशिवाय आरटीओच्या 'वाहन' प्रणालीत गाडी चढत नाही. निर्यातीचं मॉडेल त्या यादीतच नाही. जपानमधून स्वतः नवी आणायची तर उजव्या स्टिअरिंगची, जिथं बनली त्याच देशातून आणलेली, आणि आयात कर व त्यावर जीएसटी मिळून मूळ किमतीच्या दुपटीपुढं जाते. शिवाय पार्ट सगळे मागवूनच. शेताच्या पाणंदीसाठी हा उद्योग करू नका.

कुणीतरी "लांब गाडीचा चासी कापून आखूड करतो" असं सांगेल. कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल बघा: आरसीवर कंपनीनं दिलेलं जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळा मूळ ढाचा करता येत नाही. फिटनेसला अडकते, अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

आज शोरूममध्ये मिळणाऱ्या गाड्यांचे व्हीलबेस मिलीमीटरमध्ये: गुरखा तीन दार २४००, थार तीन दार २४५०, जिम्नी पाच दार २५९०, गुरखा पाच दार २८२५, थार रॉक्स (पाच दारांची थार) २८५०. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. डिफेंडर ९० चा व्हीलबेस २५८७, म्हणजे आपल्या "लांब" जिम्नीएवढाच, पण ती कोटीच्या घरातली गाडी, ती इथं धरत नाही. दोन दारांची रँग्लर २४६० आहे, ती आपल्याकडे येत नाही.

कोन_मोजा

"व्हीलबेसचा फरक पडतो का" यावर माझं उत्तर: पडतो, पण तुम्हाला वाटतो त्या ठिकाणी नाही.

आखूड व्हीलबेसचा खरा फायदा ब्रेकओव्हर कोनात असतो. उंचवट्याच्या माथ्यावर पुढची चाकं पलीकडे आणि मागची अलीकडे असताना गाडीचं पोट टेकतं की नाही, ते हा कोन सांगतो. तीन दारांच्या जिम्नीचा २८ अंश, पाच दारांचीचा २४. थार तीन दार साधारण २७, रॉक्स २३.९, गुरखा तीन दार २८. आता गंमत बघा. या कोनांवरून ढोबळ उलटं गणित करा: अर्ध्या कोनाचा टॅन गुणिले अर्धा व्हीलबेस. दोन्ही जिम्नींच्या पोटाची उंची २७५ ते २८० मिमी निघते. थार, रॉक्स आणि गुरखा तिघींची ३०० च्या आसपास. म्हणजे त्या-त्या घरातल्या गाड्यांचं पोट सारखंच, तीन-चार अंशांचा फरक निव्वळ व्हीलबेसचा. (कागदावर लिहिलेला ग्राउंड क्लिअरन्स, जिम्नी २१०, थार २२६, गुरखा २३३, हा डिफरन्शियलच्या (दोन चाकांच्या मधल्या गिअरपेटीच्या) गोळ्याखालचा असतो. पोट त्याच्यापेक्षा वर असतं. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका.)

आता तुमच्या वाटेवर येऊ. शेताचा अरुंद बांध, फूट-दीड फूट रुंदीचा. पुढची चाकं त्यावरून उतरून पलीकडे सपाटीला लागतात आणि मागची अजून अलीकडे सपाटीलाच असतात. म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सल एका पातळीत, बांध मधोमध. तिथं व्हीलबेस २४०० असो की २८५०, बांधाची उंची पोटाच्या उंचीपेक्षा जास्त असेल तर टेकणारच. अशा बांधाला आखूड गाडीचा फायदा शून्य. तिथं तिरकं जायचं, एकेक चाक चढवत. पण तिरकं गेलं की तिरक्या रेषेतलं एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं एक मागचं चाक हलकं होतं आणि तीच दोन भिरभिरत बसतात. तिथं डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी कडी) किंवा ब्रेक एलएसडी (भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा) कामाला येतं.

कालव्याचा भराव मात्र वेगळा. तिथं उतारच गाडीच्या अर्ध्या व्हीलबेसपेक्षा लांब असतो, म्हणून ब्रेकओव्हर कोन लागू होतो. मोजायचं असं: सहा फुटी सरळ फळी चढाच्या वरच्या टोकाशी ठेवा, फोनमधल्या लेव्हलनं अंश घ्या, पलीकडच्या उतारालाही तसंच करा आणि दोन्हींची बेरीज करा. पण माथ्याची रुंदीही मोजा. माथा तीन मीटर सपाट असेल तर रॉक्ससुद्धा पूर्ण वर बसते आणि कडेला फक्त एकाच उताराचा कोन लागतो, सगळ्या गाड्या पार. माथा जेवढा अरुंद, तेवढी बेरीज महत्त्वाची.

ओढ्याला वेगळंच बघायचं. खाली उतरून समोरची दरड चढताना पुढचा बंपर आणि चढून जाताना मागचा. जिम्नीचे ३६ आणि ५० अंश, थारचे एक्केचाळीस-बेचाळीस आणि छत्तीस-सदतीस, गुरखाचे ३९ आणि ३७. यात व्हीलबेस नाही, चाकाबाहेर लोंबणारा भाग महत्त्वाचा. मागं टो-हूकचा लोखंडी पाइप लावून घेतला की जिम्नीचे ते ५० अंश गेले म्हणून समजा.

आणि रुंदी! ती कुणी मोजतच नाही. जिम्नी १६४५ मिमी, थार १८२० च्या पुढेच, नवी गुरखा १८६५. हे आरसे सोडून. दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ असलेल्या पाणंदीत वीस सेंटिमीटर म्हणजे दार खरवडणं आणि न खरवडणं.

वळणाचं म्हणाल तर तीन दारांची जिम्नी ४.९ मीटर त्रिज्येत फिरते, पाच दारांची ५.७ मध्ये. गुरखा तीन दार ५.५. पाणंदीत समोरून ट्रेलर आला तर उलटं फिरवायला हा फरक जाणवतो, पण तिथं रिव्हर्स जाणंच जास्त वेळा घडतं. तेव्हा मागचं नीट दिसतं का, ते शोरूममध्ये बसून बघा. स्टेपनी मागच्या दारावर असल्यानं जिम्नी, थार, गुरखा तिन्हींत काचेचा काही भाग झाकलेला असतो.

वाफसा_बघून

वरच्या दोघांनी गाडीचं सांगितलं, मी मातीचं सांगतो. मंगळवेढ्याचं रान म्हणजे ज्वारीचं खोल काळं रान. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि पृष्ठभागावर साबणासारखी होते. तिथं रुतायच्या आधी गाडी घसरते. टायरच्या खाचा चार फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग फोर बाय फोर असो नाहीतर आणखी काही, चारही चाकं एकदम घसरतात, एवढाच फरक.

म्हणून पैसे खर्चायची पहिली जागा टायर. शोरूममधून येणारे एचटी (डांबरीचे) टायर या मातीत पहिल्या शंभर मीटरात भरतात. एटी (मिश्र रस्त्याचे) बरे, कारण खाचा रुंद असतात आणि थोडा वेग मिळाला की माती फेकतात. एमटी (चिखलाचे) सगळ्यात भारी माती फेकतात, पण सोलापूर-पुणे हायवेवर आवाज, ओल्या डांबरावर कमी पकड आणि मायलेजला कात्री. तुमच्यासारखं ऐंशी टक्के डांबरी असेल तर एटीच घ्या, आणि मापात राहा. जिम्नीला मुळात १९५/८० आर१५ आहे, थारच्या वरच्या व्हेरिएंटला आणि नव्या गुरखाला २५५/६५ आर१८.

अरुंद की रुंद? खाली मुरूम किंवा कठीण थर असेल तर अरुंद टायर वरचा चिखल कापून तळ गाठतो. तळच नसेल, म्हणजे माती दोन-तीन मीटर खोल असेल, तर रुंद टायर कमी हवेत वर तरंगतो. कुदळीनं एक हात खणून बघा, लगेच कळेल.

हवा. टायर जमिनीवर जितका दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेएवढाच. जिम्नीची ठरलेली हवा २६ पीएसआय. चिखलात १८ वर आणा. १५-१६ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. कमी हवेत ताशी वीस-पंचवीसच्या पुढं नाही, आणि डांबरीला लागायच्या आधी परत भरायची. त्यासाठी बॅटरीच्या टर्मिनलला थेट चिमटे लावायचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट लायटरवरचे छोटे पंप चार टायर भरेपर्यंत तापतात आणि फ्यूज उडवतात.

वजनही बघा. पाच दारांची जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, थार पावणेदोन टनांच्या घरात, गुरखा त्याहून जड. मऊ रानात हा फरक व्हीलबेसपेक्षा मोठा. हलकी गाडी रुतली तर चार माणसं ढकलून काढतात, गुरखाला ट्रॅक्टरच लागतो. डोंगरात, दगडात, भरल्या गाडीत हिशेब उलटा होतो. १३४ न्यूटन-मीटरची जिम्नी तिथं दमते आणि ३२० ची गुरखा सावकाश चढून जाते.

चालवण्याबद्दल थोडं, कारण नवीन माणूस इथंच चुकतो. या तिन्ही गाड्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत (पुढची चाकं गरजेपुरती जोडायची), मधला डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकं, नेहमीचे गिअर) लावून वळलात की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण साठतो, गिअर अडकतो, शेवटी क्रॉस (शाफ्टचा सांधा) किंवा ट्रान्सफर केस (पुढं-मागं ताकद वाटणारी पेटी) बोलते. चिखल सुरू व्हायच्या आधी, सरळ रेषेत असताना ४एच लावा. रुतल्यावर लावणं म्हणजे खड्डा पाडून झाल्यावर जागं होणं. ४एल (लो रेंज) लावायला गाडी थांबवून क्लच दाबा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल.

जिम्नीत डिफ लॉक नाही, ब्रेक एलएसडी आहे. फिरणाऱ्या चाकाला तो ब्रेक लावून दुसऱ्याकडं ताकद पाठवतो. त्यासाठी चाक थोडं फिरावं लागतं, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा दोन-तीन सेकंद धरून ठेवा. लोक घाबरून पाय काढतात आणि मग "चालत नाही" म्हणतात. थारच्या काही व्हेरिएंटला मागं मेकॅनिकल लॉकिंग डिफ आहे. दोन चाकांत साधारण शंभर आरपीएमचा फरक पडला की ते ठक्‌ आवाज करून आपोआप धरतं. आवाजाला घाबरू नका. पण सगळ्या थारना ते नाही, पावती फाडायच्या आधी व्हेरिएंट तपासा. गुरखाला पुढं आणि मागं दोन्हीकडं हातानं लावायचे लॉक आहेत. पुढचा लॉक लावून स्टिअरिंग फिरवायचा प्रयत्न करू नका, गाडी सरळच जाते आणि पुढचे शाफ्ट ताणले जातात.

गाडीत कायम ठेवायचं: आठ-दहा मीटरचा ओढायचा पट्टा, दोन डी-शॅकल, फावडं, फूट बाय फूट आणि दीड इंच जाडीची लाकडी फळी (नाहीतर जॅकच जमिनीत जातो), पंक्चरच्या स्ट्रिपा. ट्रॅक्टरनं ओढताना वायर रोप नको, तुटला तर माणूस कापतो. हूक सोडून बंपरला किंवा अ‍ॅक्सलला काही बांधू नका. चाकाखाली घालायला उसाचं पाचट चांगलं, कडबा एका फेरीत गिळला जातो. तूर आणि कपाशीच्या धसकटांपासून मात्र जपा. ती टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात, आणि तिथलं पंक्चर स्ट्रिपनं बसत नाही, टायर गेला.

घरी आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला प्रेशरनं पाणी मारा. वाळलेल्या काळ्या मातीचा गोळा आत राहिला की साठ-ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच अलाइनमेंटला पैसे देऊन येतो.

आणि शेवटी आपलं जुनं शास्त्र: पेरणीला जसा वाफसा बघता तसा गाडीलाही बघा. सपाटून पाऊस झाल्यावर पहिल्या दिवशी या रानात ट्रॅक्टरसुद्धा कुणी घालत नाही.

पाटे_आणि_बुश

जिप्सीचं राहिलं होतं. व्हीलबेस २३७५, वजन कमी, पुढं-मागं भरीव अ‍ॅक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांचं सस्पेन्शन). या मातीला तिच्यासारखी गाडी नाही, हे खरं. पण वयस्कर माणसं मागच्या आडव्या बाकड्यावर बसवणार असाल तर नका घेऊ. पाट्यांची गाडी आहे, पाणंदीत कंबर मोजून घेते.

घेणारच असाल तर एवढं बघा. चासी मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी आणि बॉडी माउंटखाली हातोडीनं ठोका. खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर गंज आत आहे. पुढच्या चाकामागचा गोळा (नकल) पुसून बघा. तिथून ग्रीससोबत पातळ तेल येत असेल तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय आणि गिअर तेलानं ग्रीस धुतलं जातंय. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं (ज्यावर चाक वळतं त्या खुंट्याचं) बेअरिंग. किंगपिन ढिले असले की पन्नास-साठच्या वेगाला खड्ड्यात स्टिअरिंग हातात नाचतं, त्यावर नुसता डॅम्पर बसवून विकणारे खूप आहेत. ट्रान्सफर केसचे तीन रबरी माउंट फाटलेले असतात. चढावर ४एल मधून दांडा उडून न्यूट्रलला येतो का, ते चालवून बघा. तेल बदलताना साधारण पुढच्या डिफला २ लिटर, मागच्याला दीड, ट्रान्सफर केसला ०.८, सगळीकडं ८०डब्ल्यू-९०. निघालेलं तेल दुधासारखं असेल तर गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे किंवा ब्रीदरची नळी सुटलीय.

फोर बाय फोर खरंच जोडलं जातं का, हे बघायला मोकळ्या मुरमावर ४एल, पहिला गिअर, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. गाडी अडखळत, ओढल्यासारखी चालली तर पुढचा अ‍ॅक्सल जोडलेला आहे. लोण्यासारखी वळली तर हब किंवा शाफ्ट तुटका. जुन्या थारलाही हीच परीक्षा लावा, तिथं पुढच्या हबचा घोटाळा नेहमीचा.

कागद: लष्करी लिलावाची असेल तर लिलावाची मूळ विक्रीपत्रं आणि नागरी नोंदणी झालेली आरसी दोन्ही हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. डिझेल इंजिन बसवलेली जिप्सी स्वस्त दिसते. आरसीवर पेट्रोल असेल तर तिला हात लावू नका. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर येतो. पंधरा ते वीस वर्षांच्या कारला नूतनीकरणाचं शुल्क पाच हजार, वीसच्या पुढं ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच जिप्सी त्या वयाच्या आहेत, तेव्हा किंमत ठरवताना हे धरूनच बोला.

माणकाठ_१३

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजून आलो. भरावाचे दोन उतार १२ आणि १४ अंश, माथा सपाट सव्वा मीटर. पाणंदीत सगळ्यात अरुंद जागा एका बाजूला दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूला बाभूळ, ६ फूट ३ इंच. चाकोऱ्यांचा मधला वरंबा तळापासून ११ इंच, हा तुकडा साधारण ३० मीटर. एक हात खणलं, खाली काळीच माती. ओढ्याच्या दरडी बैलगाडी उतरते अशा सौम्य आहेत. मग थार की जिम्नी?

कोन_मोजा

भराव सोडून द्या. बेरीज २६ आणि माथा सव्वा मीटर सपाट, म्हणजे प्रत्यक्षात लागणारा कोन त्याहून बराच कमी. पाच दारांची जिम्नी, थार, गुरखा सगळ्या जातात, रॉक्ससुद्धा.

अडचण रुंदीची. ६ फूट ३ इंच म्हणजे १९०५ मिमी. थारला दोन्ही बाजू मिळून आठ सेंटिमीटर उरतात, तेही आरसे मिटून. ओल्या मातीत गाडी तेवढी बाजूला सरकतेच. गुरखाला चार. जिम्नीला सव्वीस. बाभूळ काढता येत असेल तर प्रश्न वेगळा. नसेल तर उत्तर तुम्हीच मोजून आणलंय.

वरंबा ११ इंच म्हणजे २८० मिमी. यातल्या कोणत्याच गाडीचा डिफरन्शियल त्यावरून न घासता जात नाही, जिम्नीचा तर सात सेंटिमीटर खोल नांगर होईल. डावं चाक वरंब्यावर आणि उजवं कडेच्या उंच भागावर ठेवून चाकोरी दोन्ही चाकांच्या मधे घ्यायची म्हटलं, तर पावसात दोन्ही चाकं घसरून परत खाली. तिथं गाडी बदलून उपयोग नाही, रस्ताच दुरुस्त करावा लागेल.

वाफसा_बघून

तीस मीटरचं काम म्हणजे फार नाही ओ. दोन चाकोऱ्या, प्रत्येकी साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि २५ खोल धरली तर ६ घनमीटर, म्हणजे दोन ब्रासच्या थोडं पुढं. दबल्यावर बसतं म्हणून अडीच-तीन ब्रास धरा. पण नुसता मुरूम टाकू नका, पहिल्याच पावसाळ्यात काळी माती तो गिळते. एप्रिल-मेमध्ये रान पूर्ण वाळल्यावर आधी ट्रॅक्टरच्या फाळीनं मधला वरंबा उतरवा, चाकोऱ्यांत मुठीएवढा-डोक्याएवढा दगड ठासून बसवा, त्यावर मुरूम, पाणी मारून दाबून घ्या. आणि एका बाजूला वीतभर खोल चारी काढून पाणी ओढ्याकडं सोडा. पाणी साठलं तर दगडही जातो. मुरूम विकत घेताना वाहतूक परवान्याची पावती मागा, नाहीतर तहसीलची गाडी वाटेत थांबवते.

जिम्नी घेणार असाल तर मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही त्या भरावावर चालवून बघायची मागणी करा. चौकातल्या टेस्ट ड्राइव्हवर ४एल लावूच देत नाहीत. वयस्कर माणसांना मागं चढायला दार पुरतं का आणि गुडघा कुठं येतो, ते त्यांनाच बसवून बघा. थारमध्ये मागं जायला पुढची सीट पाडावी लागते.